ओढ्याचं वडगाव

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा… लाज तशीही वाटतेच आहे.

राहुरी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी सॉफ्टवेअर बघतो. तीन वर्षांपूर्वी ऊस लागणीच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणल्या. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, यादीतल्या प्रत्येक गावाच्या नावाचं टेबल – म्हणजे नोंदवहीच समजा – आपोआप तयार करायची. त्याच नावाचं जुनं असलं तर ते पुसून.

शेतकी विभागातले नाना, रिटायरमेंटला आलेले, म्हणाले, "साहेब, आपल्याकडं वडगावं दोन हायेत. ओढ्याचं येगळं, माळाचं येगळं."

"नाना, तुम्ही नोंदी भरा. बाकी मी बघतो." वर हसलोही. मोठा शहाणा ना मी!

महिन्याभराने नव्या गावांची यादी आली, तीत माळाचं वडगाव, तेही नुसतं 'वडगाव' म्हणून. स्क्रिप्ट चालवली आणि नानांनी बांधाबांधावर फिरून भरलेलं ओढ्याचं वडगाव साफ! बॅकअप नाही. लागणीच्या तारखेवर तोडणीची पाळी लागते. पुढच्या हंगामात त्या गावाला पाळीच आली नाही. शेतकरी गेटवर आले. भर मीटिंगमध्ये मी म्हणालो, "नानांनी भरल्याच नसतील नोंदी."

नानांनी चष्मा पुसला, उठून गेले. परत कामावर आलेच नाहीत. संक्रांतीच्या सुमारास वारले.

या जूनमध्ये, सकाळी अकरा वाजता, नव्या हंगामासाठी सगळं पुसून स्क्रिप्ट चालवली. आता दोन्ही वडगावांना एक-दोन असे आकडे दिले होते. तरी एक टेबल जास्तीचं – 'ओढ्याचं वडगाव'. हे नाव ना यादीत, ना स्क्रिप्टमध्ये! उघडलं, तर नानांच्या सगळ्या नोंदी. प्रत्येकीपुढे त्यांचा नेहमीचा शेरा, 'सोता जाऊन बघितलं.'

नानांच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, "शेवटपत्तुर म्हनायचे, म्या भरल्यात नोंदी. साहेब, खरंच भरल्या न्हवत्या का वो?"

"भरल्या होत्या, काकू. माझ्याकडून पुसल्या गेल्या."

त्या म्हणाल्या, "चारचौघात खोटं पाडलंत त्यांना. आता चारचौघातच सांगा की."

त्यानंतर दोनदा मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आलो. दोन्हीदा चहा पिऊन परत! तोंडच उघडत नाही हो…

ते नाव येतं कुठून, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. काल कोऱ्या करकरीत मशीनवर स्क्रिप्ट चालवून पाहिली. तिथंही आलं. शेऱ्याचा रकाना मी आता वाचत नाही.