साहेबांचा सत्कार

माझा राग नाकावर असतो, हे नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात कोणालाही विचारा. तिथं माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. पण उधारी वसूल करताना मी कधी आवाज चढवत नाही. ओरडलं की गिऱ्हाईक दुप्पट ओरडतं आणि वर समोरच्या दुकानात जाऊन बसतं. त्यापेक्षा दुकानात चार बाया असल्या की मी त्यांच्यादेखत म्हणते, या ताईंचं मला लय बरं वाटते बाप्पा, कधी उधारी म्हणून ठेवत नाहीत. ताईंचा हात आपोआप पर्सकडे जातो. एवढी साधी गोष्ट स्वतःच्या घराच्या वेळी मला लवकर सुचली नाही, याचं अजून हसू येतं.

लग्न झाल्यापासून आम्ही भाड्याच्या घरात राहिलो. शेवटची घरमालकीण अंगणातल्या नळाजवळ खुर्ची टाकून बसायची. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायला मी नळी लावली, की तिचं सुरू. एकदा तर म्हणाली, "बंद कर वं. बिल का तुहा बाप भरते?" माझा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी नळ बंद केला आणि खोलीत जाऊन रडले. आपल्या नावाचा नळ असलेलं घर घ्यायचंच, हे तेव्हापासून डोक्यात बसलं. हे हिंगण्याच्या कंपनीत कामाला आहेत. त्यांचा पगार, माझी मशीन, बँकेचं कर्ज आणि माझे कानातले, सगळं एकत्र केलं तेव्हा कुठं एका लेआउटमधलं दोन खोल्यांचं घर आमचं झालं. त्यानंतर हातात काही उरलं नाही.

घर विकणारे एक रिटायर झालेले साहेब होते. ते धरमपेठेत मुलाकडे राहायला गेले होते. आमच्याच समाजातले, विहारात मोठा मान. कार्यक्रम कुठलाही असो, स्टेजवर साहेब असायचेच, आणि शाल-पुष्पगुच्छ घेतल्याशिवाय खाली उतरायचे नाहीत. पंचशीलावर तर असं बोलायचे की ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. रजिस्ट्रीच्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं, नळाचं बिल, घरटॅक्स, काही बाकी आहे का? ते हसले. माझ्याकडे कोणाचा रुपया बाकी राहत नाही, म्हणाले. रजिस्ट्रीच्या कागदातही लिहिलं होतं, की तोपर्यंतची सगळी बाकी विकणाऱ्यानं भरायची. मी निर्धास्त झाले.

राहायला आलो आणि पाण्याच्या ऑफिसातून नोटीस आली. नळाचे बेचाळीस हजार बाकी, भरले नाहीत तर कनेक्शन कापू. मी धावत ऑफिसात गेले. तिथली बाई भली होती, पण तिनंही तेच सांगितलं. बाकी भरल्याशिवाय नळ तुमच्या नावावर होणार नाही, आणि मार्च संपेपर्यंत भरली नाही तर पाणी बंद. नागपूरचा उन्हाळा तोंडावर आलेला आणि आमच्याकडे बेचाळीस हजार तर सोडा, चार हजारही मोकळे नव्हते.

साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मलाच हिशेब शिकवला. मी दोन कूलर सोडून आलो, मोटर पंप सोडला, त्याची किंमत तुम्ही धरली का? बिल त्यातच फिटलं असं समजा. आता त्या कूलरचं सांगते. एकाचं बूड गंजून चाळणी झालेलं, दुसऱ्यात पंखाच नव्हता. मोटर हात लावला की शॉक मारायची. चोर तर चोर, वर शिरजोर. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलणंच सोडलं. धरमपेठेत घरी गेले, तर त्यांच्या बायकोनं चहा पाजला आणि साहेब कार्यक्रमाला गेलेत म्हणून सांगितलं. घर दाखवणाऱ्या दलालानं कमिशन घेतल्याबरोबर ओळख सोडली होती. वकील म्हणाला, केस जिंकाल ताई, पण तोवर किती उन्हाळे जातील ते विचारू नका.

घरी आले तर ह्यांचं वेगळंच. "जाऊ दे ना वं. मोठ्या माणसाशी काहून भांडून राहिली?" त्या दिवशी मी ह्यांच्यावरच तुटून पडले. मोठा माणूस असेल त्याच्या घरचा, माझ्या नळाचं काय? खरं तर तेही घाबरले होते. दोघांनी मिळून घेतलेलं घर पाण्यावाचून कसं चालवायचं, याचाच घोर त्यांनाही लागला होता.

राहायला आलो होतो, पण गृहप्रवेशाची बुद्धवंदना अजून व्हायची होती, विहारातल्या भन्तेजींना आमंत्रण गेलं होतं. कोणाकोणाला बोलवायचं ते ठरवत बसलो, तेव्हा हे म्हणाले, साहेबांना कशाला बोलवायचं. नेमकं त्याच दुपारी दुकानात मी एका जुन्या गिऱ्हाइकाला कौतुक करून उधारी फेडायला लावलं होतं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी म्हटलं, साहेबांनाच बोलवायचं, तेही प्रमुख पाहुणे म्हणून. सत्कार आहे, दोन शब्द बोलायचे आहेत, असा निरोप धाडला. जो माणूस माझा फोन उचलत नव्हता, त्याचा होकार तासाभरात आला.

अंगणात लहानसा मांडव घातला, माइक लावला, खीर केली. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. न दिलेलं घेणार नाही, हे शील आम्ही सगळ्यांनी हात जोडून म्हटलं. साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग मी घराची डागडुजी केलेल्या मिस्त्रीला शाल दिली, शेजारच्या आजींना दिली, आणि शेवटी साहेबांच्या खांद्यावर शाल घालून माइक हातात घेतला.

म्हटलं, "साहेबांनी घर देताना शब्द दिला होता, की मागची सगळी बाकी मीच भरीन. नळाचं बेचाळीस हजारांचं बिल निघालं. दुसरा कोणी असता तर हात वर करून मोकळा झाला असता. पण आपले साहेब पंचशील नुसतं सांगत नाहीत, पाळतात. ते शब्दाला जागणार, म्हणून हा सत्कार."

मांडवात टाळ्या पडल्या. शेजारच्या आजींनी तर असा माणूस मिळत नाही गा, म्हणून कानशिलावर बोटं मोडली. मी माणसाला हरभऱ्याच्या झाडावर इतकं उंच चढवलं होतं, की उतरायला जागाच ठेवली नव्हती. माइक त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भन्तेजींकडे पाहिलं, समोरच्या लोकांकडे पाहिलं. शाल सावरली. मग घसा साफ करून म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. उद्याच भरतो." पुन्हा टाळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लोकांना वाटलं मी भारावून गेले. भारावलेच होते, पण स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ऑफिसात मी आधीच जाऊन बसले होते. साहेब आले, पैसे भरले, पावती माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही मले फसवलं." मी म्हटलं, "नाही साहेब, सत्कार केला." जाताना ते थोडे हसले असं मला वाटलं. मी तिथंच नाव बदलायचा अर्ज दिला. पंधरवड्यात नळ माझ्या नावावर झाला.

त्या गंजक्या कूलरला ह्यांनी नवं बूड बसवून घेतलं. एप्रिलच्या पहिल्या कडक दुपारी मी नळाला नळी लावली आणि अंगणात खुर्ची टाकून बसले. कूलर भरला, पाणी काठावरून सांडलं, अंगणभर वाहत गेलं. बंद कर म्हणणारं कोणी नव्हतं. पोटभर पाहून घेतलं आणि मग मीच उठून नळ बंद केला. बिल आता माझ्या नावानं येणार होतं.