उलटी फिरलेली पट्टी

इंजिन चालू होतं आणि आम्ही अकोल्याच्या धावपट्टीच्या टोकाला उभे होतो. शेजारच्या सीटवर राऊतभाऊंचा फोन वाजला. हैदराबादहून जावई बोलत होते. फोन ठेवून राऊतभाऊ म्हणाले, "मॅडम, पोरीले बाळंतपणासाठी आत नेलं. चला लवकर."

राऊतभाऊ वरूडचे संत्र्यांचे मोठे व्यापारी. चार माणसांचं, एका इंजिनाचं छोटं विमान त्यांनी हौसेनं घेतलं आणि ते चालवायला मला नोकरीवर ठेवलं. त्या वर्षी अमरावतीच्या विमानतळाचं काम सुरू होतं, म्हणून विमान अकोल्यात ठेवलेलं असे. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी शोभाताई, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. त्यांच्या बाजूला इंगोले साहेब, आमचे इंजिनिअर. विमानाची एक झिजलेली केबल त्यांनी आदल्याच दिवशी बदलली होती. आपण काम केलं की पुढच्या उड्डाणाला स्वतः विमानात बसायचं, अशी त्यांची सवय होती. मला ती आवडायची.

निघण्याआधीची विमानाभोवतीची चक्कर माझी झाली होती. पेट्रोलमध्ये पाणी नाही ना, टायर, ऑइल, पंख, सगळं पाहिलं होतं. आता टेक-ऑफआधीची शेवटची तपासणी बाकी होती. तिच्यात एक ओळ असते: कंट्रोल मोकळे आणि बरोबर.

ती जरा समजावून सांगते. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ एकेक हलती पट्टी असते. तिला एलेरॉन म्हणतात. स्टिअरिंगशी ती केबलनं जोडलेली असते. वैमानिकानं हातातलं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की डाव्या पंखाची पट्टी वर उठते, उजव्याची खाली जाते आणि विमान डावीकडे कलतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक युक्ती शिकवतात. स्टिअरिंग धरून दोन्ही अंगठे वर ठेवायचे. अंगठे ज्या बाजूला झुकतील, त्या बाजूची पट्टी वर दिसली पाहिजे.

मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. ते मोकळं फिरलं, कुठे अडकलं नाही. डावीकडे पाहिलं तर पट्टी खाली होती.

मला वाटलं आपणच चुकतोय. पुन्हा फिरवलं. पुन्हा खाली. उजवीकडे फिरवलं, तर डावी पट्टी वर आली.

मी इंजिन बंद केलं.

"काहून बंद केलं?" राऊतभाऊंनी विचारलं.

"एलेरॉन उलटे चालताहेत. आज उड्डाण होणार नाही."

"आत्ता तं इथवर बरोबर आलं ना विमान! काही झालं काय?"

"जमिनीवर विमान पायातल्या पेडलनं वळवतात, भाऊ. एलेरॉनचं काम हवेत गेल्यावर सुरू होतं."

"पोरगी तिकडं दवाखान्यात हाय. गाडीनं गेलो तं रात होईन. कालच दोघा-दोघा इंजिनिअरनं पाहिलं हे, आन् तुमी आता सांगून राहिल्या?"

मागून इंगोले साहेब म्हणाले, "मॅडम, मले पाहू द्या."

ते उतरले आणि डाव्या पंखामागे जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून "डावीकडे" असं ओरडले आणि स्टिअरिंग फिरवलं. ते पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी हातानं खूण केली, परत. मी परत फिरवलं. ते दारापाशी आले.

"राऊतभाऊ, उतरा," ते म्हणाले. "चूक माही हाय. केबल उलटी जोडली गेली."

राऊतभाऊ पट्टा सोडून खाली उतरले. शोभाताईंनी विचारलं, "उडालं असतं तं काय झालं असतं?"

मी सांगितलं. चाकं जमिनीवरून उचलली की वाऱ्यानं एखादा पंख थोडा खाली जातोच. मी तो सावरायला स्टिअरिंग फिरवलं असतं आणि तो आणखी खाली गेला असता. घाबरून मी आणखी फिरवलं असतं. पंखाचं टोक जमिनीला लागायला तेवढं पुरतं.

शोभाताई डबा उचलून खाली उतरल्या. दोघं नवरा-बायको गाडीनं हैदराबादला निघाले. हिंगोलीच्या पुढे असताना राऊतभाऊंचा मला फोन आला. "नात झाली, मॅडम. दोघीबी बऱ्या हायेत." मग म्हणाले, "शोभा म्हणते, तुमाले पयले सांगा."

इंगोले साहेबांनी त्याच दिवशी विमान वाहतूक खात्याच्या कार्यालयाला स्वतः फोन करून सगळं कळवलं. चौकशी झाली. त्यांना काही काळ काम बंद ठेवावं लागलं. चौकशीत घडलेला प्रकार उघड झाला. केबल जोडून त्यांनी स्टिअरिंग फिरवून पाहिलं. पट्ट्या पूर्ण हलत होत्या. असं काम दुसऱ्या इंजिनिअरनंही तपासावं असा नियम आहे, म्हणून एकजण आला. त्यानंही फिरवलं, पट्ट्या हलल्या, त्यानं सही केली. कोणी कामचुकारपणा केला नव्हता. पट्टी हलते का, हे दोघांनी पाहिलं. कुठल्या बाजूला हलते, हे दोघांनीही पाहिलं नाही.

इंगोले साहेब परत कामावर आले तेव्हा केबलला हात लावण्याआधी त्यांनी पंखाच्या पट्टीवर खडूनं बाण काढला. मी स्टिअरिंगवर बसले, ते बाहेर उभे राहिले. आधी कुठली पट्टी वर यायला हवी ते त्यांनी मोठ्यानं सांगायचं आणि मगच मी फिरवायचं, असं आम्ही ठरवलं. दोघांनाही थोडं बावळटासारखं वाटलं, पण आजही तसंच करतो.

तपासायला जाताना काय दिसायला हवं, ते आधी ठरवून जावं. नाहीतर समोर जे असेल तेच बरोबर वाटतं.