हुफनागेलसाहेबांचं वजन

किलिआन हुफनागेल मुळात खोगीर शिवणारा. त्याने शिवलेला पट्टा वर्षभर टिकला, तर गावात कौतुक व्हायचं. पण नाझी पक्षात सगळ्यांच्या आधी घुसला, म्हणून तो आमचा नगराध्यक्ष झाला. तेव्हा त्याची मान जी ताठ झाली, ती जेवतानाही वाकेना.

हिवाळ्यात महिन्यातला एक रविवार सगळ्यांनी एकाच भांड्यात शिजवलेलं साधं कालवण खायचं आणि वाचलेले पैसे पक्षाच्या डब्यात टाकायचे, असा हुकूम होता. हुफनागेल जातीने घरोघरी जाऊन झाकणं उचलायचा. एवढा मोठा अधिकारी, आणि काम काय, तर लोकांच्या रश्श्यात नाक खुपसणं.

अशाच एका रविवारी तो लोरेंझच्या खानावळीत शिरला. लोरेंझने पातेलंच त्याच्यापुढे धरलं.

"बघा साहेब, नुसते मसूर आहेत. पण तुमच्या धुराड्यातून डुक्कर भाजल्याचा वास येतोय, तेवढं बघा. आमच्या घशाखाली मसूर उतरत नाहीत."

भरलेली खानावळ पोट धरून हसली. त्याच आठवड्यात लोरेंझला छळछावणीत नेलं. तो परत आला नाही.

त्याची बायको आफ्रा दारोदार विचारत फिरली, "त्याचं नाव कुणी कळवलं?" लोक दार लावून घ्यायचे. हुफनागेल म्हणायचा, "वरून हुकूम आला, आफ्राबाई. माझ्या हातात काय होतं?"

युद्ध हरलो आणि न्यायमंडळापुढे हुफनागेलची चौकशी लागली. पाववाला, शाळामास्तर, इतकंच काय, आमचे पाद्रीबाबासुद्धा सांगून गेले की माणूस फार मायाळू. मग आफ्रा उभी राहिली.

"सोडून द्या त्याला," ती म्हणाली. "याला गावात कुत्रं विचारत नव्हतं. शिक्के मारायला बसवलेलं बुजगावणं हे. माझ्या नवऱ्याला नेलं ते जिल्ह्याच्या साहेबांनी. याला विचारलंसुद्धा नसेल."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. हुफनागेलचा वकील खुशीत मान डोलावत होता. हुफनागेलचे कान मात्र लालबुंद झाले.

"आणि विचारून करायचं काय?" आफ्रा म्हणाली. "याला कळत काय होतं?"

"मला विचारलं नसेल?" हुफनागेल ताडकन उठला. वकील त्याचा कोट ओढत होता, पण तो थांबेना. "माझ्या शब्दाशिवाय या गावातून माणूस हलत नव्हता. लोरेंझचं नाव मी स्वतः कळवलं. जिल्ह्याच्या साहेबांनी पाठ थोपटली माझी, सगळ्यांदेखत!"

"माझं झालं," म्हणून आफ्रा खाली बसली.

त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. फारच थोडी, असं माझं स्पष्ट मत आहे. आफ्रा आता कुणाला काही विचारत नाही. त्याला मायाळू म्हणणारे ते सगळे तिच्याच खानावळीत जेवायला येतात, आणि ती त्यांना वाढते.