अक्काला उठवायचं नाही

"अगं ऊठ, समुद्र आत आलाय!" अण्णा तंबूच्या दारात उभे राहून ओरडत होते. लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली, गळ्यातली शिंप्याची टेप पाण्यात लोंबत होती आणि आवाज असा की गोव्याच्या होड्या माघारी फिरल्या असतील. आत घडीच्या खाटेवर त्यांची बायको, आमची अक्का, पडलेली. खाटेखालून तिच्या चपला एकामागून एक तरंगत बाहेर आल्या. अक्काने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "ठरलंय आपलं," एवढं म्हणाली आणि कुशीवर वळली.

ह्या बाईला मी तीन वर्षांत कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णांचं बंगळुरूच्या जयनगरात शिलाईचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत आम्ही तिघे, पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेले भाडेकरू. अण्णांचे मराठी पूर्वज तिथे कधी आले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुकानात अण्णा कापायचे, शिवायचे आणि बोलायचे. काज, बटण, हातशिलाई, चहा आणि स्वयंपाक, एवढंच काय ते अक्काकडे होतं.

"स्वल्प थांब, एवढं काज होऊ दे," हे तिचं वाक्य. दारात टपालवाला असो, पाहुणा असो, तेच. साक्षात यम आला असता तरी तिने त्याला हे ऐकवून पायरीवर बसवलं असतं, आणि बसलाच आहेस तर दोरा ओव म्हणून सुई हातात दिली असती.

शाळा उघडायच्या आधी गणवेशांचे ढीग पंख्याला टेकायचे. मी सकाळी खाली उतरलो की अक्का भिंतीला पाठ लावून बसलेली दिसे. डोळे मिटलेले, घोरणं चालू आणि सुईही चालू. एकदा झोपेत तिने सदऱ्याबरोबर स्वतःचा पदर शिवून टाकला आणि तो सदरा लटकवत पोळ्या केल्या. आम्ही पोट धरून हसलो. ती हसली नाही. आता हे उसवायला अर्धा तास जाणार, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्या डिसेंबरात अण्णांनी समुद्राची टूम काढली. हॉटेल नको, तंबू हवा. तीन रविवार बसून मांडवाचं कापड आणि ताडपत्री जोडून त्यांनी तो स्वतः शिवला. दाराला चेन लावायची सोडून बेचाळीस बटणं लावली. काजं कोणी केली ते सांगत बसत नाही. शिवाय खाकी कागदावर पाहण्या-करण्याची यादी केली. दीपगृह चढणे, कोळ्यांबरोबर रापणीचं जाळं ओढणे, डॉल्फिन, खेकड्यांची बिळं, शंख-शिंपले, सूर्यास्त, अशी चौदा कलमं. दिवस दोन.

"मी येते," अक्का म्हणाली, "पण मला उठवायचं नाही. तुम्ही काय बघायचं ते बघा. मी झोपणार."

"सरी," अण्णा म्हणाले.

दिवाळीचे कपडे दिवाळीआधी मागणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते असंच 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणायचे. म्हणून अक्काने ते तीनदा वदवून घेतलं.

कारवारच्या अलीकडे एका किनाऱ्यावर सकाळी उतरलो. अण्णांनी टेपने मोजून पाण्यापासून बरोब्बर साठ फुटांवर खुंट्या ठोकल्या. एक कोळीण टोपली घेऊन चालली होती, तिने हाताने मागे, वर, माडांकडे दाखवलं.

"मी मोजलंय," अण्णा म्हणाले.

बंगळुरूच्या माणसाला पाणी म्हणजे तळं, आणि तळ्याचा काठ सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो. आम्ही पुण्याचे, आम्ही तरी कुठले मोठे खलाशी लागून गेलो होतो.

अक्का जी पडली ती पडलीच. अण्णांनी आम्हाला दीपगृहावर चढवलं, उतरवलं, रापणीच्या दोराला जुंपलं. दुपारपर्यंत माझे हात ओढून ओढून गुडघ्यांपर्यंत लांबले होते. मधूनमधून अण्णा तंबूशी जाऊन यादीतलं वाचून दाखवत, "अगं, डॉल्फिन." आतून घोरणं ऐकू येई.

मग भरती आली.

अण्णा ओरडून ओरडून दमले. पाणी खाटेच्या कापडाला टेकायच्या बेतात होतं. आता हे तिला गदागदा हलवणार असं मला वाटलं. त्यांनी हात पुढे केलाही होता. पण अक्काचा उजवा हात खाटेबाहेर लोंबत होता, आणि झोपेतही तिची दोन बोटं सुई धरल्यासारखी मिटलेली होती. अण्णा तिकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हात उचलून तिच्या पोटावर ठेवला आणि आवाज खाली आणून आम्हाला म्हणाले, "धरा रे. खाटेसकट."

चौघांनी चार पाय धरून खाट खांद्यावर घेतली. चार ओले पुरुष, वर न हलणारी बाई, तोंडावर पदर. अख्खा किनारा उभा राहिला. रापणवाल्यांनी दोर सोडला, मासे आपापल्या घरी गेले. म्हाताऱ्यांनी हात जोडले. पुढे सात-आठ वर्षांनी अक्काला खरोखर उचललं तेव्हाही आम्ही तिघे होतो. त्या दिवशी ती फार हलकी लागली.

माडांखाली खाट टेकवली. ती टोपलीवाली कोळीण धावत आली, पदराने डोळे पुसत.

"कितें जालें तिका?"

अण्णा वाळूत मटकन बसले होते.

"काही नाही," ते म्हणाले. "सुट्टीवर आहे."