मामांचं उन्हाशी वैर

पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत सूर्याशी उघड वैर धरणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मोठा मामा निघाला. रिटायर मास्तर. बाराही महिने हातात काळी छत्री, तोंडाला ओला दुपट्टा, आणि सौंसरच्या बसमध्ये बसले की रस्ता जसा वळेल तशी यांची जागा बदलणार. एकदा तर एका भल्या बाईला टोपलीसकट उठवून यांनी सावलीची खिडकी मिळवली. ती तणतणली, तर म्हणाले, "बाई, मी चेहरा वाचवून राहिलो, तुमी वांगे नेऊन राहिल्या!" मी दुसरीकडे पाहत बसलो. लाज मलाच वाटायची, त्यांना कधीच नाही.

या मामांना दहा मिनिटांनी धाकटा जुळा भाऊ आहे. तो सौंसरला संत्र्याची बाग सांभाळतो. लहानपणी दोघं इतके सारखे, की एकाच्या खोडीचा मार दुसरा खायचा, आणि कोणी धाकट्याच्या नावानं हाक मारली की मोठ्याला आभाळ ठेंगणं व्हायचं. साठी उलटली तेव्हा मात्र धाकटे मामा चांगले पंधरा वर्षांनी थोरले दिसायला लागले होते. उन्हानं कातडं काळवंडलेलं, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून गाल बसलेले. एकदा बसस्टँडवर कोणीतरी मोठ्या मामांना विचारलं, "हे तुमचे वडील काय?" झालं! मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "एकाच झाडाच्या दोन कलमा आहो आमी, जवाई," ते मला म्हणाले. "मायबापाकडून आलं ते दोघायलेही सारखंच भेटलं. बाकी नासाडी उन्हाची अन् खर्ऱ्याची. ते तर थांबवता येते न? नातीच्या लग्नात लोकायनं आमच्यात पुन्हा गफलत केली पाहिजे. बस, एकडाव!" धाकट्याची ती नात नुकतीच बी.एड.ला लागली होती, लग्न त्यानंतर. म्हणजे हातात दोन वर्षं होती, आणि ती मास्तरांनी मला बोटांवर मोजून दाखवली.

मग दर शनिवार-रविवार मामा बागेत. भावाच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी काढून थेट उकिरड्यावर. संत्र्याच्या सालीची पूड दह्यात कालवून त्याच्या तोंडाला लेप. बाग पाहायला आलेला एक व्यापारी झाडाखालचं ते पांढरंफटक तोंड पाहून चपला टाकून पळाला! धाकटे मामा वैतागायचे, "काऊन छळून राहिला बे? या वयात मले कोण पाहते?" "मी पाहतो," मोठे म्हणायचे, आणि संत्र्यांचा तोडा चालू असला की दिवसभर भावाच्या डोक्यावर छत्री धरून त्याच्या मागेमागे हिंडायचे.

लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. समधी-भेटीच्या, म्हणजे व्याह्यांच्या गळाभेटीच्या वेळी लाउडस्पीकरवर पुकारा झाला, "मुलीचे आजोबा!" नवरदेवाच्या आजोबांनी साखरपुड्यात धाकट्या मामांशी अख्खी संध्याकाळ गप्पा मारल्या होत्या. ते हार घेऊन तरातरा आले ते थेट मोठ्या मामांपाशी! कडकडून मिठी, डोक्यावर टोपी, कपाळभर गुलाल. खरे आजोबा बाजूला हात जोडून तसेच उभे. मांडवात हशा पिकला. मोठे मामा तर "चुकले! समधी चुकले!" असं ओरडत बँडपुढे नाचायला लागले, आणि उभ्या जन्मात न नाचलेला मी त्यांच्याबरोबर नाचलो.

नाचताना मी दोन्ही मामांना निरखलं. धाकट्या मामांचे गाल खर्रा सुटल्यामुळे थोडे भरले होते, पण सुरकुत्या होत्या तिथेच होत्या. छत्री भावावर धरून दोन वर्षं उन्हात उभे राहिले होते ते मोठे मामा. त्यांचाच चेहरा रापला होता, डोळ्यांच्या कडांना जाळी पडली होती.

"अहो मामा, तुम्हीच म्हातारे झालात!"

"मालूम आहे न मले. आरसा आहे घरी. पण चुकले का नाही? सांगा, चुकले का नाही?"

तेवढ्यात धाकटे मामा आले आणि रुमालानं भावाच्या तोंडावरचा गुलाल पुसायला लागले. पुसता पुसता थांबले, त्या नव्या सुरकुत्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "हे माह्यापायी झालं काय बे?" त्यांनी हळूच विचारलं. मोठे मामा नुसते हसत राहिले. मला सख्खा भाऊ नाही, याचं दुःख मला त्या मांडवात पहिल्यांदा झालं.