भरती पाहूनच जाऊ

यांची बदली कोकणातल्या एका लहानशा बंदराच्या गावी होणार असं कळलं, तेव्हा माझे सासरे, आबा, म्हणाले, गाव पाहिल्याशिवाय पोराला पाठवणार नाही. लग्नाला चारच महिने झाले होते. रावेरहून निघून आम्ही तिघं सकाळी त्या गावात उतरलो. हे ऑफिसात साहेबांना भेटायला गेले आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत गाव बघायचं काम आबांवर आणि माझ्यावर आलं. आबांपुढे मी डोक्यावरचा पदर सावरत मानेनेच हो-नाही करायची. असल्या जोडीनं गाव काय बघायचं!

तरी धक्क्यावर आबा खुलले. चिखलात कललेल्या होड्या, बांबूंवर वाळणारे बोंबील, बर्फाचा कारखाना, सगळं त्यांनी थांबून थांबून पाहिलं. समोर, वाळूच्या पट्ट्यापलीकडे, खडकावर देवीचं देऊळ होतं. आबा तिकडे वळले तशी मासे निवडणारी एक बाई ओरडली, "भरती लागायच्या आत परता हो!"

"भरती व्हय?" आबा खूश. "मंग पाहूनच जाऊ. मासे कसे भरता हे लोकं!"

आमच्याकडे स्टेशनात केळीच्या वॅगनी लागल्या की हमाल लावून माल भरायचा, ती भरती. आबांचा उभा जन्म त्यात गेलेला. मी मात्र शाळेत भरती-ओहोटी पाठ केली होती. मला कळलं, पण जीभ उचलली नाही. सासऱ्याची चूक काढणारी सून, असा शिक्का इतक्या लवकर नको होता मला.

दर्शन झालं. आबा पायरीवर बसून धक्क्याकडे बघत राहिले. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी सरकत होतं. खालचा एक काळा दगड मी नजरेत धरला होता. तो अर्धा बुडाला, मग दिसेना. आता सांगते, मग सांगते, असं करत मी पदराचं टोक पिळत बसले.

"आजून हमाल कसे नाही आले?" आबा म्हणाले.

वाळू दिसेनाशी झाली तेव्हा मी किंचाळले, "आबा, उठा! पाणी!"

त्यांचा गुडघा अधू. मी सरळ हात धरून ओढत निघाले. मध्यावर पाणी छातीला लागलं आणि आबांचा पाय सुटला. टोपी वाहून गेली, माझ्या हातात नुसतं मनगट. ते मी सोडलं नाही, एवढंच आठवतं.

धक्क्यावर ती बाई भडकली. "भरती लागंल म्हणून सांगितलं नव्हतं? पाणी चढतं तेव्हा!"

आबा धापा टाकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं का पोरी?"

"नाही," मी म्हणाले.

पुढे आबा बरीच वर्षं जगले. घरी येईल त्याला सांगायचे, "सून नस्ती तं मी समुद्रात गेलो असतो." मी आत चहा गाळत ऐकायची. बाहेर जाऊन खरं काय ते एकदाही सांगितलं नाही.