रुमालाखालचा पंजा

सांगलीतल्या पोरीनं बॅले शिकायचं म्हणजे म्हशीनं पोहायचा क्लास लावायचा, असं माझी आत्या म्हणायची. वडिलांना, म्हणजे अण्णांना, तो शब्दही धड म्हणता यायचा नाही. ते 'ब्यालं' म्हणायचे. पण उन्हाळी शिबिरात पुण्याच्या एका बाईंनी मला ते वेड लावलं, तेव्हा धरून उभं राहायला दांडा हवा म्हणून अण्णांनीच हळदीच्या गोदामाच्या भिंतीला पाण्याचा पाइप ठोकून दिला. माझ्या गुलाबी बुटांची टोकं कायम पिवळी असायची. हमाल चेष्टा करायचे, "अण्णा, पोरीला हळद लागली की वो!"

आम्ही जैन, जेवणं दिवस मावळायच्या आत. त्याआधी अण्णा माझा नाच बघायला यायचे. जुन्या व्यापाऱ्यांची एक रीत होती. भाव तोंडानं बोलायचा नाही. हातावर रुमाल टाकून आत एकमेकांची बोटं दाबायची. सौदा पटला की हात सोडायचा, रुमाल उचलायचा. अण्णा माझ्या नाचाचा भाव असाच करायचे. कधी दोन बोटं, कधी तीन. अख्खा पंजा कधीच नाही. "माल अजून ओला हाय, वाळू दे," म्हणायचे. मी फणफणत घरात जायची. तो पंजा मिळवायचाच, एवढंच डोक्यात.

पुढं पुण्या-मुंबईत रंगमंचावर नाचले. दर प्रयोगाला अण्णांना बोलवायची. पण कधी हळदीचा हंगाम, कधी आईचं दुखणं; त्यांचं यायचं राहूनच गेलं. मग माझा घोटा मोडला. हाड जुळलं, पण टाचा उचलून उभं राहणं संपलं ते संपलंच. लय रडले. आणि पोटापाण्यासाठी मालिकेत शिरले.

साताऱ्याजवळ चित्रीकरण, मी खाष्ट मोठी जाऊ. दिवसभर भरजरी साडीत उभं राहून नुसती बडबड करायची. कराडच्या स्टँडवर एक म्हातारी अंगावर धावून आली, "भवाने, त्या गरीब पोरीला का छळतीस गं?" लोक हसले, मीही हसले. आत मात्र मला त्या बडबडीची किळस यायची.

अशात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी एका दिवसाची सुट्टी काढून सांगलीला गेले, तर आई म्हणाली, "तुजी मालिका लागली की खुणेनं आवाज बंद कराय लावत्यात बघ. निस्तं तुजं चालणं बघत्यात."

मी माळ्यावरून जुने बूट काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खुर्चीसकट गोदामात नेलं. पाइप गंजला होता. मी जुने बूट चढवले. आई ओरडली, "अगं, घोटा!" म्हटलं, असू दे. नाचले कसली, लंगडले. एका उडीनंतर डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी थांबले नाही. शेवटी पाइप धरून कशीबशी उभी राहिले.

अण्णांनी डाव्या हातानं खांद्यावरचा रुमाल ओढला. मी त्यांच्यापुढं खाली बसले, हात पुढं केला. रुमालाखाली त्यांची बोटं चाचपडत आली. आधी दोन बोटं धरली, मग तिसरं. आणि मग अख्खा पंजा.

इतक्या वर्षांनी! तोही असल्या मोडक्या नाचाला! मला हुंदका आवरेना. "अण्णा, भाव चढवून करताय तुमी," मी म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

सौदा पटला की हात सोडायचा असतो. अण्णा सोडेनात. बाहेर गाडीवाला हॉर्न मारत होता. दुपारी चित्रीकरण होतं. आई म्हणाली, "आवं, सोडा की तिला. साताऱ्याला पोचायचं हाय." त्यांनी आणखीच घट्ट धरलं.

ती आमची शेवटची भेट ठरेल, हे मला काय ठाऊक! रुमाल तसाच राहू दिला, त्याखाली त्यांचं एकेक बोट मीच सोडवलं आणि गाडीत जाऊन बसले.